शेवटच्या टोकाचा पहिला टप्पा

पश्चिम टेक्सास आणि आग्नेय न्यू मेक्सिको या प्रदेशांत पसरलेल्या पर्मियन खोऱ्यात आज खोदली जाणारी तेलविहीर आधी अडीच-तीन किलोमीटर सरळ खाली उतरते, मग हळूहळू वळण घेत आडवी होते आणि शेलच्या ठरावीक थरातून आणखी तीन ते साडेचार किलोमीटर जवळजवळ क्षितिजसमांतर धावते. या आडव्या भागातील खडकाला एकाच वेळी तडे पाडता येत नाहीत. तो साधारण दोनशे फुटांच्या तुकड्यांत विभागून एकेका तुकड्यावर स्वतंत्रपणे पाण्याचा प्रचंड दाब दिला जातो. या तुकड्यांना टप्पे म्हणतात, आणि काम विहिरीच्या तोंडाकडून आत नव्हे तर आतून तोंडाकडे सरकत असल्यामुळे पहिला टप्पा हा नेहमी सर्वांत दूरच्या टोकाचा असतो. पन्नास-साठ टप्प्यांच्या विहिरीत या एका टप्प्यातून मिळणारे तेल एकूण उत्पादनाचा लहानसा अंश असते, परंतु पुढचे सगळे टप्पे त्याच्यावर अवलंबून असतात आणि तो अडला तर कोट्यवधी रुपयांची यंत्रसामग्री जागच्या जागी उभी राहते. म्हणूनच या टप्प्याची कार्यक्षमता हा तेलविहीर अभियांत्रिकीतील एक गंभीर प्रश्न ठरला आहे.

शेल हा अतिशय बारीक कणांचा, चिखल व गाळ दबून तयार झालेला खडक. त्यातील जैविक द्रव्यापासून तेल आणि वायू तयार होतात, पण त्यांतील बराचसा भाग त्याच खडकात अडकून राहतो, कारण बाहेर पडण्यासाठी पुरेशी वाटच नसते. खडकातून द्रव किती सहज वाहतो हे डार्सी या एककात मोजतात. चांगल्या वालुकाश्मात ही पारगम्यता दहा-शंभर मिलिडार्सींच्या घरात असते, तर शेलमध्ये ती नॅनोडार्सींमध्ये सांगावी लागते, आणि एक नॅनोडार्सी म्हणजे एका मिलिडार्सीचा दहा लाखावा भाग होय. अशा खडकात नुसते भोक पाडून काही हाती लागत नाही. पाणी खडकाच्या ताकदीपेक्षा अधिक दाबाने आत ढकलून तडे पाडायचे आणि दाब काढून घेतल्यावर ते मिटू नयेत म्हणून पाण्याबरोबर बारीक वाळू आत पाठवायची, ही या पद्धतीची मूळ कल्पना आहे. तिचा पहिला प्रयोग 1947 साली कॅन्सस राज्यातील ह्यूगोटन वायुक्षेत्रात स्टॅनोलिंड या कंपनीने केला. त्या वेळी पाण्याऐवजी घट्ट केलेले पेट्रोल वापरले होते. 1949 मध्ये हॅलिबर्टन कंपनीने ओक्लाहोमा आणि टेक्सासमध्ये तिचा व्यावसायिक वापर सुरू केला. शेलमध्ये मात्र ती किफायतशीर ठरायला आणखी जवळजवळ पन्नास वर्षे गेली. जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये 1981 पासून चिकाटीने प्रयत्न केले, 1990च्या दशकाच्या अखेरीस महागड्या जेलऐवजी घर्षण कमी करणारे थोडेसे रसायन मिसळलेले साधे पाणी वापरून यश मिळवले, आणि 2002 मध्ये डेव्हन कंपनीने ती विकत घेतल्यानंतर या पाण्याला आडव्या विहिरींची जोड मिळाली.

महाराष्ट्राला ही कल्पना अगदीच परकी नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पाणी आटलेल्या किंवा कमी पाण्याच्या विंधण विहिरींसाठी जलभंजन करते. कठीण खडकातील अरुंद, गाळाने भरलेल्या भेगा दाबाच्या पाण्याने मोकळ्या करून त्या आसपासच्या भेगांना जोडणे हा त्यामागचा हेतू असतो. तेथील खोली, दाब आणि पाण्याचे प्रमाण तेलविहिरींच्या मानाने फारच कमी असते आणि वाळूही लागत नाही. परंतु खडकाला तडा जातो तो सर्वांत कमी ताणाच्या दिशेला काटकोनात, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू पडते. याच तत्त्वामुळे शेलमधील विहीर कमीत कमी आडव्या ताणाच्या दिशेने खोदतात, म्हणजे तडे विहिरीला आडवे छेदून दूरवर पसरतात.

पहिल्या टप्प्याची अडचण नेमकी कोठे आहे हे समजण्यासाठी दुसऱ्या टप्प्याचे काम कसे चालते ते पाहणे सोयीचे ठरते. खोदाई पूर्ण झाल्यावर विहिरीत पोलादी नळी, म्हणजे केसिंग, उतरवून तिच्या आणि खडकाच्या मधली पोकळी सिमेंटने भरली जाते. त्यामुळे विहीर टोकापासून तोंडापर्यंत बंद होते. एखाद्या टप्प्यासाठी वायरलाइन नावाच्या तारेच्या टोकाला एक प्लग आणि त्याच्या मागे स्फोटक भरलेल्या गन जोडून हा संच विहिरीत सोडतात. सरळ भागात तो स्वतःच्या वजनाने खाली जातो, पण आडव्या भागात वजनाचा उपयोग होत नाही, म्हणून मागून पाणी पंप करून त्याला पुढे ढकलावे लागते. ठरलेल्या जागी प्लग बसवून आधीचा टप्पा बंद करतात, गन उडवून केसिंग, सिमेंट आणि खडकात छिद्रे पाडतात, तार बाहेर काढतात आणि मग मोठे पंप सुरू होतात. या क्रमात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : मागून पंप केलेल्या पाण्याला पुढे जाण्यासाठी वाट हवी. दुसऱ्या टप्प्याच्या वेळी ही वाट पहिल्या टप्प्यातील तडे देतात आणि तिसऱ्याच्या वेळी दुसऱ्यातील. पहिल्या टप्प्याच्या वेळी मात्र पुढे काहीच उघडे नसते. बंद नळीत पाणी ढकलले तर केवळ दाब वाढतो, पाणी पुढे सरकत नाही आणि तारेवरचा संचही सरकत नाही.

ही कोंडी फोडण्याचा जुना मार्ग म्हणजे कॉइल्ड ट्यूबिंग, म्हणजे मोठ्या चाकावर गुंडाळून ठेवलेली अखंड, लवचिक पोलादी नळी. तिच्या टोकाला गन बांधून ती विहिरीत ढकलत न्यायची, टोकाशी छिद्रे पाडायची आणि बाहेर काढायची. आडवा भाग एक-दीड किलोमीटरचा होता तोवर हे निभावत असे. लांबी वाढत गेली तशी एक भौतिक मर्यादा पुढे आली : बारीक नळी मागून ढकलली की ती केसिंगच्या आत आधी नागमोडी होते, मग मळसूत्रासारखी पीळ घेते, आणि पीळ घेतलेल्या नळीचा केसिंगच्या भिंतीवर पडणारा भार इतका वाढतो की घर्षणावर मात करण्यात सगळी ताकद खर्ची पडून तिचे टोक पुढे सरकेनासे होते. यालाच लॉक-अप म्हणतात. वंगण म्हणून काम करणारी रसायने, नळीला कंप देणारी साधने किंवा अधिक व्यासाची नळी यांनी ही मर्यादा थोडी पुढे ढकलता येते. गन वायरलाइनवर बांधून चाकांच्या विद्युत ट्रॅक्टरने ओढत नेण्याचाही पर्याय आहे. परंतु पंधरा हजार फुटांच्या आडव्या भागात यातील कोणताही उपाय खात्रीचा नाही, आणि एका टप्प्यासाठी वेगळी यंत्रणा व वेगळी माणसे आणून वेळ घालवणे हा खर्चाचा मुद्दा उरतोच.

दुसरा मार्ग आता अधिक रूढ झाला आहे. केसिंग उतरवतानाच तिच्या टोकाजवळ एक झडप बसवायची, सिमेंटिंग झाल्यावर पृष्ठभागावरून दाब वाढवून ती उघडायची आणि तिच्या छिद्रांमधून सिमेंटचे कवच फोडून खडकात पाणी शिरवायचे. ना गन, ना कॉइल्ड ट्यूबिंग. पण तडे पाडण्याच्या कामाला हात घालण्याआधी केसिंग अपेक्षित कमाल दाब सहन करते की नाही, याची चाचणी घ्यावी लागते. टेक्सासच्या रेलरोड कमिशनसारख्या नियामकांनीही ती बंधनकारक केली आहे. झडप चाचणीच्या दाबाला उघडली तर चाचणी अपुरी राहते, आणि झडप चाचणीपेक्षा अधिक दाबाला उघडणारी ठेवली तर ती उघडण्यासाठी केसिंगवर तिच्या मर्यादेजवळचा किंवा त्याहूनही अधिक दाब द्यावा लागतो.

यावर शोधलेली युक्ती मुळापासून समजून घेण्याजोगी आहे. विलंबाने उघडणाऱ्या झडपेत एक पातळ चकती असते, जी ठरावीक दाबाला फाटते. चकती फाटली की विहिरीतील दाब झडपेच्या आतील सरकत्या नळकांड्यावर पडतो, पण त्या नळकांड्याच्या पुढे तेल भरलेला कप्पा असतो आणि ते तेल एका अत्यंत बारीक छिद्रातून बाहेर पडेल तेवढ्याच गतीने नळकांडे सरकू शकते. या काळात केसिंगवरचा दाब पूर्ण चाचणीच्या पातळीवर टिकवून चाचणी उरकता येते आणि मग झडप आपोआप उघडते. तथापि या साध्या रचनेतही हिशेब चुकण्यास बराच वाव असतो. चकतीवर पृष्ठभागावरून दिलेला दाब आणि वर उभ्या असलेल्या द्रवाच्या स्तंभाचे वजन असे दोन्ही भार पडतात. दहा हजार फूट खोलीवर गोड्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सुमारे 4,330 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) भरतो. प्रत्यक्षात विहिरीत त्याहून दहा टक्के जड खारे पाणी असेल तर हाच आकडा चारशे-साडेचारशे पीएसआयने वाढतो, आणि गोड्या पाण्याच्या हिशेबाने निवडलेली चकती अपेक्षेआधीच फाटू शकते. खोलवरच्या उष्णतेने चकतीच्या धातूची ताकद घटते आणि कप्प्यातील तेल पातळ होऊन विलंबाचा अवधीही कमी होतो. म्हणून चकतीची निवड कागदावरच्या ठोकळ आकड्यांवर न करता त्या विहिरीतील प्रत्यक्ष द्रवाची घनता आणि प्रत्यक्ष तापमान घेऊन करावी लागते. ज्या विहिरींत पहिला टप्पा बिनबोभाट पार पडतो, तेथे हा हिशेब बहुधा आधीच काटेकोरपणे झालेला असतो.

झडप उघडली तरी तिच्यातून पाणी जाईलच असे नाही, आणि याचे मूळ बहुतेक वेळा सिमेंटिंगच्या दिवसापर्यंत जाते. सिमेंट केसिंगमधून खाली पाठवल्यानंतर त्याच्या मागे रबराचा वायपर प्लग सोडतात. तो केसिंगची आतली भिंत पुसत टोकापर्यंत जातो. आठ-दहा हजार फूट आडव्या नळीत घासत गेल्यामुळे त्याची एक बाजू झिजते, भिंतीवर सिमेंटचा पातळ थर मागे राहतो, आणि तोच थर पुढे ओघळून, सुटून किंवा गोळा होऊन नेमका झडपेच्या छिद्रांजवळ घट्ट होतो. विहिरीचे टोक वळणापेक्षा खाली असेल तर गाळ आणि सिमेंटचे तुकडे तेथे साचण्याची शक्यता आणखी वाढते. उपाय स्वस्त आहेत : वायपर प्लगच्या लगेच मागे येणाऱ्या पाण्याच्या पहिल्या भागात सिमेंट घट्ट होण्यास विलंब लावणारे द्रव्य मिसळणे, त्यासाठी साखरही चालते, एकाऐवजी दोन वायपर प्लग वापरणे, आणि टोकाभोवती आम्लात विरघळणारे सिमेंट योजणे. काही ठिकाणी याच्या उलट विचार करून सिमेंट मुद्दाम थोडे पुढे ढकलतात, म्हणजे केसिंगचे टोक सिमेंटविना उघडे राहते आणि त्यातूनच पहिल्या गन नेण्यापुरते पाणी पंप करता येते. ही रीत सर्वांत सोपी दिसते, परंतु टोकापाशी सिमेंटचा अडसर नसल्यामुळे दाब कोठे जातो यावरचे नियंत्रण सुटते आणि केसिंगची दाबचाचणी अवघड होते. त्यामुळे तिचा वापर जपूनच व्हायला हवा.

लांब विहिरीतील दाबचाचणीसुद्धा सोपी नसते. साडेपाच इंची केसिंगच्या वीस हजार फूट विहिरीत सुमारे सत्तर हजार लिटर पाणी मावते. पाणी दाबता येत नाही असे सर्वसाधारणपणे मानले जाते, पण नऊ हजार पीएसआय दाबाखाली ते अडीच टक्क्यांहून अधिक आकसते. म्हणजे विहीर पूर्ण बंद असूनही हा दाब गाठण्यासाठी सुमारे एकोणीसशे लिटर पाणी आत पंप करावे लागते, शिवाय केसिंग किंचित फुगते त्याचे पाणी वेगळे. हा आकडा अगोदर काढून ठेवलेला असेल, तर आत गेलेले पाणी अपेक्षेपेक्षा जास्त होताच गळती आहे की झडप वेळेआधी उघडली आहे, याचा शोध त्याच क्षणी घेता येतो. नाहीतर तासन्‌तास तर्क लढवण्यात जातात.

यानंतर खरे काम सुरू होते. झडपेच्या छिद्रांमधून किंवा गनने पाडलेल्या छिद्रांमधून पाणी खडकात शिरू लागले तरी सुरुवातीचा प्रवाह अगदी अल्प असतो. छिद्राजवळच्या तड्याला विहिरीच्या भिंतीपासून निघून कमीत कमी ताणाच्या दिशेला काटकोनात येताना वळणे घ्यावी लागतात आणि त्या वाकड्या अरुंद वाटेत दाब खर्ची पडतो. अशा वेळी पंधरा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थोडा साठा पुढे पाठवण्याची रीत आहे. ते सिमेंट आणि खडकातील चुनखडी विरघळवून वाट मोकळी करते. आम्ल छिद्रांपर्यंत पोचल्यावर प्रवाह घाईने वाढवण्यापेक्षा ते काही काळ हळूहळू जाऊ देणे आणि मग पायरी-पायरीने वेग वाढवत प्रत्येक पायरीवर दाब स्थिर होईपर्यंत थांबणे हितावह ठरते. अडथळा नेमका कोठे आहे हेही याच पद्धतीने ओळखता येते. छिद्रांमधील घर्षणाने होणारा दाबक्षय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, तर वाकड्या वाटेतला क्षय साधारण प्रवाहाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणून प्रवाह टप्प्याटप्प्याने कमी करत दाब नोंदवला की आलेखाच्या आकारावरून छिद्रे कमी उघडली आहेत की खडकातील वाट अरुंद आहे, हे सांगता येते. पहिल्या प्रकारात अधिक आम्ल किंवा आणखी छिद्रे उपयोगी पडतात. दुसऱ्या प्रकारात अत्यल्प वाळूचे पाणी पाठवून वाट घासून रुंद करणे अधिक फलदायी असते. निदान न करता आम्लामागे आम्ल ओतणे हा या कामातील सर्वांत सहज होणारा अपव्यय आहे.

वाळूच्या बाबतीत पहिला टप्पा इतर टप्प्यांसारखा वागवता येत नाही, यावर भर द्यायला हवा. पर्मियनमध्ये एखाद्या टप्प्यावर मिनिटाला नव्वद बॅरल, म्हणजे सेकंदाला सुमारे 240 लिटर पाणी नऊ हजार पीएसआय दाबाने ढकलले जाते आणि त्यासाठी वीस हजार अश्वशक्ती खर्ची पडते. या वेगाने वाळू जात असताना तडा ती स्वीकारेनासा झाला, तर वाळू विहिरीतच साचते आणि दाब झपाट्याने चढतो. मधल्या टप्प्यात असे झाले तर विहिरीतले पाणी उलटे वाहू देऊन वाळू बाहेर काढता येते. पहिल्या टप्प्यात मात्र पुढे वाट दिलेले असे एकच ठिकाण असते आणि तडा नुकताच उघडलेला असल्यामुळे उलटा प्रवाह देण्याइतकी साठवलेली ऊर्जा खडकात नसते. शेवटी ज्या कॉइल्ड ट्यूबिंगचा खर्च टाळायचा होता तीच विहीर साफ करण्यासाठी बोलवावी लागते. म्हणून या टप्प्यात वाळू कमी, दाणा बारीक आणि शेवटी पाण्याचा निवळ भाग थोडा अधिक ठेवणे शहाणपणाचे असते. त्याने काही तेल गमावले जाते, हे खरे. पण पहिल्या टप्प्याचे यश त्यातून किती तेल आले यावर न मोजता, दुसऱ्या टप्प्याचा प्लग आणि गन नेण्यासाठी लागणारा मिनिटाला दहा-पंधरा बॅरल प्रवाह त्याने सहजपणे घेतला की नाही यावर मोजावे. या दृष्टीने एकाऐवजी दोन किंवा तीन झडपा थोड्या अंतरावर बसवणे ही महाग चैन वाटली, तरी ती खरे तर विम्याची रक्कम आहे.

कार्यक्षमता म्हणजे केवळ कंपनीचे वाचलेले डॉलर नव्हेत. एकाच जागी चार ते आठ विहिरी असतात आणि पंपांचा ताफा एका विहिरीवरून दुसरीवर आलटून पालटून जातो. एका विहिरीचे टोक अडले तर ताफ्याचे वेळापत्रक कोलमडते, डिझेलची इंजिने निष्क्रिय धडधडत राहतात, उच्च दाबाच्या नळ्यांभोवती माणसांना अनावश्यक तास काढावे लागतात, आणि आधीच कोरड्या असलेल्या प्रदेशात पाणी पुन्हा पुन्हा पंप करून वाया जाते. हे टाळण्याचे उपाय जवळजवळ सगळे विहीर खोदतानाच, म्हणजे पंपांचा ताफा दारात येण्यापूर्वी, ठरतात. केसिंग व सिमेंट यांचा विचार करणारे खोदाई अभियंते आणि तडे पाडणारे पथक बऱ्याचदा निरनिराळ्या कंपन्यांचे असते, दोघांच्या अंदाजपत्रकांमध्येही फरक असतो, आणि साखरेच्या काही पोत्यांवर होणारी बचत एकाच्या खात्यात दिसते तर अडलेल्या झडपेचा खर्च दुसऱ्याच्या. ही फट बुजवणे हा तंत्रज्ञानाचा नव्हे, व्यवस्थापनाचा भाग आहे, आणि तो दुर्लक्षित राहू नये.

पहिल्या टप्प्याकडे आणखी एका दृष्टीने पाहता येते. खडक अजून अस्पर्शित असताना त्यात थोडे पाणी पंप करून पंप बंद केला आणि दाब कसा ओसरतो हे पाहिले, तर तडा कोणत्या दाबाला मिटतो, म्हणजेच खडकातील किमान ताण किती, याचा अंदाज मिळतो. अशा विश्लेषणाचा पाया केनेथ नोल्टे यांनी 1979 मध्ये घातला. इतकी शुद्ध मोजणी मधल्या टप्प्यात शक्य नसते, कारण शेजारच्या टप्प्यांनी ताण आधीच बदललेला असतो. नॅनोडार्सींच्या खडकात दाब ओसरायला मात्र काही दिवस, प्रसंगी काही आठवडे लागतात, आणि झडपेजवळची वाकडी वाट सुरुवातीच्या नोंदी गढूळ करते. म्हणून ही चाचणी प्रत्येक विहिरीत न करता, एकत्र असलेल्या विहिरींपैकी एकीत, बाकीच्यांचे काम चालू असताना करणे व्यवहार्य ठरते.

भारतात ओएनजीसीने 2011 मध्ये दामोदर खोऱ्यात, आणि केंद्र सरकारच्या 2013च्या धोरणानंतर खंभात खोऱ्यातील भरूच जिल्ह्यात शेल वायूसाठी विहिरी घेतल्या, तर राजस्थानातील बारमेर हिलच्या दाट खडकात आडव्या विहिरींवर टप्प्याटप्प्याने जलभंजन झाले आहे. येथील शेलमधील ताण, भेगा आणि तापमान यांच्या नोंदी पर्मियनसारख्या हजारो विहिरींमधून साठलेल्या नाहीत. अशा खोऱ्यात नव्याने आडवी विहीर घ्यायची झाल्यास तिच्या टोकावरील मोजणीला त्या टप्प्यातून मिळणाऱ्या वायूपेक्षा अधिक मोल द्यावे लागेल, आणि तिच्यासाठी लागणारा आठवडा वेळापत्रकात पहिल्यापासूनच धरावा लागेल.